काही आवाज येत असेल तर घेऊन या

एल्म रिव्हर, मिनेसोटा
१४ फेब्रुवारी १९९५

प्रिय कर्टिस,

तुझ्या बोटींच्या कारखान्यात फोन करून निरोप ठेवला होता. तो तुला दिला, असं तिथल्या बाई म्हणाल्या. तू आला नाहीस. त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

बाबा गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी गेले. रात्रभर बर्फ पडला होता आणि ते नेहमीसारखे हातात झाडू घेऊन शोरूमच्या आवारात गाड्यांवरचा बर्फ झाडत होते. एकाहत्तराव्या वर्षीही ते काम दुसऱ्याला करू देत नव्हते. गिऱ्हाइकाला गाडीचा रंग दिसला पाहिजे, म्हणायचे. तिसऱ्या रांगेतली एक निळी गाडी अर्धी झाडून झाली होती. तिथेच ते खाली बसले आणि संपले. मेकॅनिकने नंतर सगळ्या गाड्या झाडल्या, ती एक तेवढी तशीच ठेवली. मी रोज खिडकीतून ती बघते. मला काहीच वाटत नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

वर्तमानपत्रात निधनाचा मजकूर द्यायचा होता. तिथल्या बाईने विचारलं, "वडिलांना छंद कशाचा होता?"

मी म्हटलं, "गाड्यांचा."

"अहो, तो धंदा झाला."

"हो, मला माहीत आहे," म्हटलं. शेवटी तिने 'मासेमारी' असं छापलं. बाबांनी जन्मात गळ धरला नाही. तुझं नाव छापलंय. 'मुलगा कर्टिस, ओरेगन.'

शुक्रवारी चर्च भरून गेलं होतं. बाहेर गाड्यांची रांग पार धान्याच्या कोठारांपर्यंत. मी उगाच मागून बघत गेले, तर जवळजवळ प्रत्येक डिकीवर बाबांच्या नावाची ती छोटी पट्टी होती, 'ऑर्व लिंडगार्ड, एल्म रिव्हर'. सबंध रांग त्यांनीच विकलेली. तळघरात हॅमचे सँडविच होते, कॉफी होती. सगळे माझा हात धरून आपापल्या गाडीची हकिकत सांगत होते. मी सगळ्यांना "हो, हो" म्हणत होते.

जमीन गोठली आहे, म्हणून दफन आत्ता झालं नाही. पेटी दफनभूमीच्या दगडी खोलीत ठेवली आहे. माती मऊ झाली की पुरायचं. तारीख ठरली आहे, शनिवार, १३ मे. पेटी उचलायला सहा जण लागतात. पाच मी सांगून ठेवलेत. सहावा कुणालाही सांगितलेला नाही.

आई बरी आहे. तुझ्याकडे घरी फोन नाही आणि असता तरी तू फोनवर मुका होतोस, म्हणून पत्र.

तुझी,
मार्लिस

*

अ‍ॅस्टोरिया, ओरेगन
२७ फेब्रुवारी १९९५

प्रिय मार्लिस,

पत्र पोहोचलं. सहावा कुणीतरी बघ. गावात गाड्या घेतलेले हजार लोक आहेत, एक मिळेल.

मी का येत नाही ते तुला माहीत आहे, तरी पुन्हा लिहितो, म्हणजे पुन्हा विचारणार नाहीस. सोळावा वाढदिवस होता तेव्हा त्यांनी मला ती हिरवी गाडी दिली. इंजिन मेलेलं, खालून गंजलेली. चावी हातात ठेवून म्हणाले, "चालव, तुझी आहे." दोन हिवाळे मी गॅरेजमध्ये गाडीखाली पडून काढले. बोटं सोलली. पोरं नाचायला जायची, मी ग्रीस काढत बसायचो. जून त्र्याहत्तरमध्ये ती चालायला लागली. तीन आठवडे चालवली. चौथ्या आठवड्यात शेतावरच्या कामावरून घरी येतो, तर दारात गाडी नाही. जेवायच्या टेबलावर विचारलं, "माझी गाडी कुठाय?" त्यांनी बटाट्याचं भांडं पुढे सरकवलं आणि म्हणाले, "मी विकली."

एवढंच. का नाही, कुणाला नाही, माफ कर नाही. तूही होतीस की समोर.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसलो. त्यानंतर आजपर्यंत गाडी घेतली नाही. सायकल आहे. इथे पाऊस फार, पण सायकलला काही होत नाही.

आणि बावीस वर्षांत त्या माणसाने मला आपल्या मनातली एक ओळ लिहिली नाही. आता मी त्यांच्यासाठी चार दिवस बसमध्ये बसायचं?

आईची काळजी घे.

कर्टिस

*

एल्म रिव्हर
१२ मार्च १९९५

प्रिय कर्टिस,

रागावलास तरी दोन पानं लिहिलीस. तेवढंही खूप झालं.

इथे एक भलताच गोंधळ झालाय. तुला बाबांची ती कार्डं आठवतात? ज्या तारखेला चावी दिली, त्या तारखेला दर वर्षी गिऱ्हाइकाला कार्ड. 'आज तुमच्या गाडीला अमुक वर्षं झाली. ठीक चालते ना? काही आवाज येत असेल तर घेऊन या. ऑर्व.' सगळ्यांना तोच मजकूर, आणि सगळी हाताने लिहिलेली. जानेवारीत थंडीमुळे गिऱ्हाईक फिरकत नाही, तेव्हा बसून सबंध वर्षाची लिहून टाकायचे. तारखेप्रमाणे बुटांच्या खोक्यांत लावून ठेवायचे आणि ऑफिसातल्या अर्डिसने ती वेळेवर टपालपेटीत टाकायची.

तर बाबांनी या जानेवारीतही लिहून ठेवली होती, आणि अर्डिस ती टाकते आहे! त्यांची पेटी दगडी खोलीत ठेवून आल्यावर सोमवारी कामावर आली आणि त्या दिवसाची सात कार्डं पोस्टात टाकून मोकळी झाली. लोक कार्डं हातात घेऊन येताहेत. दंतवैद्याची बायको रडत आली. एक म्हातारा शेतकरी खरंच गाडी घेऊन आला, म्हणाला, "ऑर्वने विचारलंय तर सांगतो, डाव्या चाकातून आवाज येतोय." मेकॅनिकने चाक काढून बघितलं. आवाज होता.

मी अर्डिसला म्हटलं, "अगं, बंद कर आता."

ती म्हणाली, "त्यांनी लिहिलेली आहेत, तू कोण बंद करणारी? मेमधली तरी जाऊ देत." मग मी नाद सोडला.

एकच नियम होता त्यांचा. माणसाने गाडी विकली की त्याचं कार्ड बंद. गाडी ज्याची, कार्ड त्याला.

आई मजेशीर वागते. परवा विचारत होती, "आपली नवी डेमोची गाडी कधी येणार?" तुला आठवतं ना, आपल्या घरी आपली अशी गाडी कधी नव्हतीच. डीलरच्या नंबरपाटीची डेमोची गाडी आज दारात, उद्या गिऱ्हाइकाच्या. आईचे चष्मे, छत्र्या, एकदा तर चर्चच्या जेवणाला नेलेली भाजलेल्या नूडल्सची बशी, सगळं गाड्यांबरोबर विकलं जायचं. रविवारी लोक आपल्या वस्तू चर्चमध्ये परत आणून द्यायचे. तू माझ्या लग्नाला नव्हतास. आमच्या लग्नाची गाडी बाबांनी जेवणाच्या मध्येच विकली. मागे प्रथेप्रमाणे खडखडणारे रिकामे डबे बांधलेले होते, काचेवर साबणाने 'नवदांपत्य' लिहिलेलं होतं. मी आणि ग्लेन सासऱ्यांच्या ट्रकमधून मधुचंद्राला गेलो. ग्लेन अजून ते सांगून हसतो. मीही हसते. परवा सांगताना मात्र हसू आलं नाही, रडूही आलं नाही. दात काढल्यावर गाल असतो तसं झालंय माझं.

मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. या पत्रात नाही सांगत.

तुझी,
मार्लिस

*

अ‍ॅस्टोरिया
३० मार्च १९९५

प्रिय मार्लिस,

डब्यांची गोष्ट वाचून मी कारखान्यात मोठ्याने हसलो. शेजारचा फिनिश म्हातारा माझ्याकडे बघायला लागला. त्याने मला आजवर हसताना पाहिलं नव्हतं म्हणे.

ते माणसांना सांभाळायचे, हे मी नाकारत नाही. मी आठ वर्षांचा असताना ते मला घेऊन कुठल्याशा विधवेच्या शेतावर गेले होते. तिची गाडी बर्फात सुरू होत नव्हती. दोन तास त्यांनी बोनेटमध्ये डोकं घातलं आणि परत येताना मला म्हणाले, "आईला सांगू नकोस, जेवण थंड झालं म्हणून ओरडेल." परक्यांसाठी सगळं होतं त्यांच्याकडे. घरच्यांसाठी टेबलावर दोन शब्द.

हल्ली एक गोष्ट सारखी डोळ्यांपुढे येते. स्वयंपाकघराच्या दाराजवळ खिळ्यांची फळी होती, घरी असलेल्या सगळ्या गाड्यांच्या चाव्या तिथे. माझी चावीही मी मूर्खासारखी तिथेच लावायचो. कुणी गिऱ्हाईक घरी आलं की आपल्याला शिकवलेलं होतं, नाव विचारायचं, हसायचं, चावी द्यायची. "चालवून बघा, आवडली तर शोरूमला जा." आपण दोघं पोपटासारखे म्हणायचो. त्या दिवशी त्यांनी ती माझी चावी आपल्या हाताने खिळ्यावरून काढली असेल, हे चित्र डोळ्यांपुढून जात नाही. गाडी गेली याचं आता काही नाही. त्यांचा हात तेवढा दिसतो.

काय सांगायचंय ते सांगून टाक. आईला काही झालंय का?

कर्टिस

*

एल्म रिव्हर
१६ एप्रिल १९९५, ईस्टर

प्रिय कर्टिस,

आईला काही झालेलं नाही.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. रोज लिहायला बसले आणि उठले. आज आई आणि ग्लेन चर्चला गेलेत. मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. डोकं दुखत नाही.

तो हात बाबांचा नव्हता. माझा होता.

मी तेरा वर्षांची होते. घरात एकटी. दुपारी एक शेतकरी आला, एल्रॉय बेकन, उत्तरेकडच्या रस्त्यावरचा. म्हणाला, "दारातली हिरवी गाडी बघू का?" मी नाव विचारलं, हसले, चावी दिली. आपल्याला शिकवलं तसंच. तुझी गाडी आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही रे. दारात उभी होती, चावी खिळ्यावर होती, गिऱ्हाईक समोर होतं. तो गाडी घेऊन गेला आणि परत आला नाही, तेव्हा कुठे लक्षात आलं.

संध्याकाळी टेबलावर तू विचारलंस. मी तोंड उघडणार होते. तेवढ्यात बाबा म्हणाले, "मी विकली." आणि मला काय वाटलं सांगू? सुटले, असं वाटलं. आधी तेच वाटलं. दुसऱ्या दिवशी तू गेलास. मग सांगायचं कसं? एक आठवडा गेला, एक वर्ष गेलं, मग सांगण्यासारखं राहिलंच नाही. चावी कुणी दिली हे बाबांना माहीत होतं की नाही, तेही मला कधी कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. शाळा संपल्यावर मी त्यांच्याच ऑफिसात काम धरलं. सगळे म्हणायचे, काय गुणी मुलगी. मी गुणी नव्हते. मला तिथून हलताच येत नव्हतं.

तुझं मार्चचं पत्र आल्यावर मी बाबांची गिऱ्हाइकांची कार्डपेटी उघडली. प्रत्येक गिऱ्हाइकाचं त्यात एक नोंदीचं कार्ड असतं, बायकोचं नाव, मुलांची नावं, कुत्र्याचं नाव, काय आवडतं. 'बी'च्या खणात बेकनचं कार्ड सापडलं. शब्द न् शब्द उतरवते:

'एल्रॉय बेकन. शोरूमला येऊन हिरवी घेतो म्हणाला. आवारातली समजून मी हात मिळवला, सौदा पक्का. त्याने घरची नेली. चावी मार्लिसने दिली. पोरीला बोलायचं नाही. मी विकली असं सांगायचं.'

खाली वेगवेगळ्या शाईत:

'जून ७३. परत मागितली. देत नाही. हात मिळवलाय म्हणतो. बरोबर आहे.'
'ऑक्टो. ७३. बदल्यात नवी देतो म्हटलं. नाही.'
'७४. नाही.'
'७६. त्याने आपल्या मुलाला दिली. मुलगाही नाही म्हणतो.'
'८१. झाडाला धडकली. भंगारात गेली. जाऊन पाहिली. काही उरलं नाही.'

गाडी कुणाची ते लिहायला कार्डावर वर एक रकाना असतो. त्यात लिहिलंय, 'कर्टिसची.' बेकनचं नाव तिथे त्यांनी कधी घातलंच नाही.

तर त्यांना माहीत होतं. त्या टेबलावर ते माझ्याकडे बघतही नव्हते, बटाटे पुढे सरकवत होते, आणि सगळं स्वतःच्या अंगावर घेत होते. तेरा वर्षांच्या पोरीवर तू चिडू नयेस म्हणून. तू उद्याच बसमध्ये बसशील असं त्यांना कुठे वाटलं असणार? दोन दिवस धुसफुसशील, मग गाडी परत आणून दारात उभी करू, असंच वाटलं असेल.

ते वाचल्यावर मी आवारात जाऊन त्या निळ्या गाडीत बसले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. नुसतं स्टिअरिंग धरून बसले.

तुला जो राग आहे तो माझ्या नावावर कर, कर्टिस. मला तू हवा आहेस, म्हणून तर इतकी वर्षं गप्प बसले, आणि आता बोलल्यावर तू हवा आहेस असं म्हणायची सोय राहिली नाही. तेरा तारखेला माझ्यासाठी येऊ नकोस. त्यांच्यासाठी ये.

मार्लिस

*

एल्म रिव्हर
१ मे १९९५

प्रिय कर्टिस,

तुझं पत्र नाही. दोन आठवडे झाले.

बर्फ गेला. आवारात चिखल आहे. शनिवारी दफनभूमीचा माणूस पहार घालून बघून गेला, माती मऊ आहे म्हणाला. आईने तिचा निळा कोट बाहेर काढून ठेवलाय. सहाव्या माणसाबद्दल पाद्रींनी दोनदा विचारलं. मी सांगते म्हटलंय.

ती निळी गाडी परवा विकली गेली. शाळेतल्या एका बाईंनी घेतली. चावी मीच दिली. हात मिळवून आत आले आणि खुर्चीवर बसून पाऊण तास रडले. अर्डिसने दार लावून घेतलं आणि बाहेर लोकांना सांगितलं, बाई फोनवर आहेत.

याहून जास्त लिहीत नाही.

मार्लिस

*

अ‍ॅस्टोरिया
६ मे १९९५

प्रिय मार्लिस,

पत्र आधी पोहोचेल की मी, सांगता येत नाही. तरी लिहितो, कारण तोंडाने मला हे जमणार नाही.

तुझं ईस्टरचं पत्र वाचून मी दोन आठवडे काहीच केलं नाही. कामावर गेलो, आलो. तुझ्यावर चिडायचं ठरवून पाहिलं. पण तेरा वर्षांची, दोन वेण्या घातलेली, दारात उभी राहून "नाव काय तुमचं?" विचारणारी तू समोर यायचीस, की राग पुढे जायचाच नाही. मग त्यांच्यावर चिडायचं, तर आता तेही हातातून गेलेलं. इतक्या वर्षांची सवय मोडली की माणसाला काय करावं कळत नाही. मी दोन दिवस सायकल धूत होतो.

आता मी काय लपवलं ते सांगतो. त्यांनी मला आपल्या मनातली एक ओळ लिहिली नाही, असं तुला लिहिलं होतं ना? दर पाच मेला, माझ्या वाढदिवसाला, मला त्यांचं कार्ड यायचं. तेच, सगळ्या गिऱ्हाइकांचं. 'आज तुमच्या गाडीला सहा वर्षं झाली. ठीक चालते ना?' वाढदिवसाचा एक शब्द नाही, गाडीची चौकशी. आपणच विकून टाकलेल्या गाडीची! मला वाटायचं, म्हातारा दर वर्षी जखमेवर मीठ चोळतोय. तीन वेळा घर बदललं, तरी कार्ड पत्ता शोधत यायचंच. आईकडून घेत असतील. मी एकालाही उत्तर दिलं नाही. पण टाकलंही नाही एकही. खोक्यात आहेत, एकवीस.

काल माझा चाळिसावा वाढदिवस होता. ते जाऊन तीन महिने झालेत. कारखान्यातून आलो तर दाराच्या फटीत कार्ड. अर्डिसने टाकलेलं.

तुझं मार्चचं पत्र काढून पुन्हा वाचलं. गाडी विकली की कार्ड बंद. गाडी ज्याची, कार्ड त्याला. मग मी खोक्यातली सगळी कार्डं जमिनीवर मांडली. एकही वर्ष चुकलेलं नाही. आणि वर्षं त्यांनी विकल्यापासून मोजलेली नाहीत. पाच मे एकाहत्तरपासून मोजलीत. मला चावी दिली तिथपासून. बावीस वर्षं मी बेरीजसुद्धा करून पाहिली नाही.

कालचं कार्ड असं आहे:

'कर्टिस, आज तुझ्या गाडीला चोवीस वर्षं झाली. ठीक चालते ना? काही आवाज येत असेल तर घेऊन ये. ऑर्व.'

अक्षर फार हललंय. आणि खाली आणखी एक ओळ आहे, ती आधीच्या एकाही कार्डावर नाही.

'गाडी नसली तरी ये.'

मार्लिस, मी दाराशीच खाली बसलो. फिनिश म्हातारा वरच्या मजल्यावर राहतो, तो खाली आला आणि शेजारी बसला.

सहावा माणूस मी. पाद्रींना सांग. मंगळवारी निघतो. बस शुक्रवारी दुपारी चारला एल्म रिव्हरला पोहोचते. आईला सांग, माझ्यासाठी काही करू नकोस. ती करणारच, ते माहीत आहे.

स्टँडवर घ्यायला ये. कुठलीही गाडी आण. आणि निघताना दारात कुणी गिऱ्हाईक आलं, तर नाव विचार, हस आणि चावी देऊन टाक. आपण चालत घरी जाऊ.

कर्टिस